खाली वाकू नका, वर बघू नका

सायनसवाल्याला चक्कर आली की निदानाला डॉक्टर लागत नाही, घरचे पुरतात. आत्याच्या मते ते पित्त असतं. काकांच्या मते मोबाइल. शेजारच्या काकूंना दृष्ट दिसते आणि त्या मीठ-मोहऱ्या मुठीत धरूनच दारात उभ्या राहतात. मी मात्र सगळा आळ नाकावर घेतो. ते तसंही बंद असतं, उलटून बोलत नाही.

पण यात नाकावर अर्धाअधिक अन्याय होतो. सायनस म्हणजे कपाळ, गाल, डोळ्यांच्या मधली जागा आणि त्यामागचा खोलगट भाग, इथल्या पोकळ्यांच्या चार जोड्या. त्या १२ आठवडे किंवा जास्त सुजून राहिल्या की दुखणं जुनाट. तोल सांभाळायचं खातं मात्र आतल्या कानाकडे. या दोघांचा संबंध येतो तो युस्टेशियन नळीमुळे. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत जाणारी ही जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची वाट. नाक सुजलं की तिचं तोंड बुजतं, कानातली हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि दडे बसतात. मग डोकं जड, चालताना किंचित झोक, आणि समोरचा बोलतोय तो शेजारच्या खोलीतून. नाकाच्या खात्यावर मांडायची ती एवढीच चक्कर. खोली गरागरा फिरायला लागली तर गुन्हेगार बहुधा दुसरा.

डॉक्टर विचारतात, "चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?" आपलं उत्तर ठरलेलं: "कसंतरीच होतं." या तक्रारीवर जगात औषध नाही. त्यापेक्षा तीन गोष्टी टिपून न्याव्यात: किती वेळ टिकली, काय करताना आली, सोबत काय होतं. कुशीवर वळताना किंवा माळ्यावरचा डबा काढताना खोली गरकन फिरली आणि मिनिटाच्या आत थांबली, तर नाकाला निर्दोष सोडावं. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत घरंगळलेले असतात. त्यांना गोळी कळत नाही, कवायत कळते. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही कवायत अशी: पलंगावर बसवून मान बिघडलेल्या कानाकडे ४५ अंश वळवतात, तशीच मागे निजवून डोकं कडेखाली थोडं झुकवतात, मग मान दुसरीकडे ९० अंश, मग अख्खं अंग त्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, शेवटी उठवून बसवतात. प्रत्येक टप्प्यावर अर्धा ते एक मिनिट. कुठला कान बिघडलाय हे आधी डॉक्टरांनी ठरवायचं. उलट बाजूने केलं तर कण तिथेच राहतात आणि मान तेवढी अवघडते.

उठून उभं राहतानाच अंधारी येत असेल तर रक्तदाब मोजून घ्यावा, निजून आणि उभ्याने, दोन्ही. चक्कर तासन्‌तास टिकते, उजेड नको होतो, मळमळतं, कपाळ ठणकतं? ही पुष्कळदा मायग्रेन असते, जी सायनसच्या नावाने वर्षानुवर्षं वाफ घेत बसते. आणि बोबडी वळली, एक बाजू लुळी पडली, एकाचे दोन दिसले, एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं किंवा तापात डोळा सुजला, तर हा लेख खाली ठेवून आधी रिक्षा बोलवा.

आता उपाय. निम्मी चक्कर इथूनच येते.

वाफाऱ्याचंच बघा. टॉवेलखाली दहा मिनिटं घाम गाळायचा आणि ताडकन उठायचं. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावलेल्या, दाब उतरलेला, डोळ्यांपुढे काजवे. घरचे म्हणतात, "सायनस फारच वाढलाय, अजून एकदा घे." पाच मिनिटं पुरेत. पातेलं टेबलावर, मांडीवर कधीच नाही, आणि नंतर मिनिटभर बसून राहायचं. वाफेने सायनस बरा होत नाही, तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. हे आईसमोर बोलू नये.

नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपुढे टाकले की नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. सर्दीच्या जुन्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन झोप आणतं आणि तोल आणखी ढिला करतं. चक्करेची गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवली तर मेंदू स्वतः तोल सावरायला शिकायचाच थांबतो.

माझा भरवसा जलनेतीवर, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्यावर, पण ती शिस्त मागते. पाव लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात अर्धा छोटा चमचा मीठ, आयोडीन नसलेलं मिळालं तर उत्तम. मीठ कमी पडलं तर नाक चरचरतं आणि ब्रह्मांड आठवतं. नळाचं पाणी थेट वापरू नये: नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातून मेंदूत शिरतो आणि तो पाहुणा परत जात नाही. बेसिनवर वाकून, मान एका बाजूला कलती, तोंड उघडं, श्वास तोंडाने. मध्येच "अगं, दूध उतू जातंय" असं ओरडलात तर पाणी कानात गेलंच म्हणून समजा. झाल्यावर दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरायचं नाही, एकेक, हळूच. गार पाणी तर नकोच, कानापर्यंत पोचलं तर तेही गरगरवतं. थोडं पाणी सायनसमध्ये दडून बसतं आणि अर्ध्या तासाने, वाकल्यावर, आपल्या सोयीने बाहेर येतं. तेव्हा नेती करून लगेच पंगतीत वरण वाढायला जाऊ नये.

स्टिरॉइडचा फवारा नेतीनंतर. डोकं किंचित पुढे, डाव्या नाकपुडीला उजवा हात आणि उजवीला डावा, म्हणजे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला वळतं. पडद्यावर मारत राहिलात तर घोळणा फुटतो. जोरात हुंगलं की औषध घशात, आणि घशाला काही झालेलंच नसतं. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. आपण तिसऱ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बाटली फ्रिजच्या दारात ठेवतो, जिथे ती मुदत संपेपर्यंत सुखाने नांदते.

प्रवासात लक्षात ठेवायचं ते घाटाचं. चढताना कानातली जास्तीची हवा आपोआप निसटते, उतरताना मात्र नळी स्वतःहून उघडत नाही. म्हणून लोणावळ्याला जाताना माणूस चिक्कीच्या गप्पा मारतो आणि खोपोलीकडे उतरताना, ५००-६०० मीटर खाली येईतो, कान धरून गप्प बसतो. उतरणीला झोपू नये. नाक चिमटीत धरून आवंढा गिळायचा, तोही दडे बसायच्या आधीपासून. एसटीत पुढची सीट आणि नजर रस्त्यावर.

राहता राहिला गणपती. आरतीच्या शेवटी सगळे जागच्या जागी गिरक्या घेतात आणि सायनसवाला सोफ्याचा हात शोधतो. त्याआधीच झांजा ताब्यात घ्याव्यात. वाजवणारा फिरला नाही तरी कोणी विचारत नाही. प्रसाद वाटायचं काम मात्र दुसऱ्याकडे द्यावं, खाली बसलेल्या प्रत्येकापुढे वाकावं लागतं.