बागेतील पक्ष्यांना दाण्यांआधी अळ्या हव्या असतात

बागेत पक्षी यावेत म्हणून काय ठेवावे, असे लोक विचारतात तेव्हा दाण्यांचे टांगते भांडे त्यांच्या मनात आधीच ठरलेले असते. दाणे कोणते, एवढेच विचारायचे राहिलेले असते. दाणे घालण्याला माझा विरोध नाही. मात्र दाणे घातले की पक्ष्यांची काळजी घेऊन झाली, ही समजूत मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे जरा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

चिमणीला आपण दाणे टिपणारा पक्षी म्हणून ओळखतो, पण तीच चिमणी आपल्या लहान पिल्लांना सुरुवातीचे दिवस मुख्यतः कीटक आणि अळ्याच भरवते. अंगावर पिसे फुटायची असतात, हाडे-स्नायू झपाट्याने वाढत असतात, आणि त्यासाठी लागणारी प्रथिने व पाणी मऊ अळीत जसे मिळते तसे कोरड्या दाण्यात मिळत नाही. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी चिकडी या जेमतेम दहा ग्रॅम वजनाच्या पक्ष्याबद्दल सांगितले आहे, की एका विणीतील पिल्ले मोठी करण्यासाठी त्या जोडीला सुमारे ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. त्यांचा सहभाग असलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेही दिसले, की ज्या बागांमध्ये स्थानिक वनस्पतींचे प्रमाण ७० टक्क्यांहून कमी होते तेथे या पक्ष्याची संख्या टिकून राहण्याइतकी पिल्ले तयार होत नव्हती. बाहेरून आणलेली शोभेची झाडे हिरवीगार दिसतात, पण तेथील बहुतेक अळ्यांना ती खाता येत नाहीत, आणि अळ्या नसल्या की पिल्लांच्या चोचीत घालायला काही उरत नाही.

म्हणून पानांना भोके पडलेली दिसताच कीटकनाशकाचा पंप काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की थोडे थांबावे आणि त्या झुडपाकडे जरा वेळ पाहत राहावे. एखादा लहानसा पक्षी पानांच्या खालच्या बाजूने शोध घेत फिरतो, अळी पकडून फांदीवर आपटतो, आणि चोचीत धरून निघतो. पण थेट घरट्यात जात नाही. तो आधी जवळच्या फांदीवर बसून चहूकडे पाहतो, कोणी पाहत नाही अशी खात्री झाली की आत शिरतो, आणि बाहेर येताना बऱ्याचदा त्याच्या चोचीत एक पांढरी, ओलसर गोळी असते. ती पिल्लाची विष्ठा. पातळ पिशवीत बंद झालेली ही विष्ठा दूर नेऊन टाकल्यामुळे घरटे स्वच्छ राहते आणि वासावरून शत्रूला त्याचा माग लागणेही अवघड होते. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर औषध फवारायला हात धजावत नाही, असा माझा अनुभव आहे.

अति नीटनेटक्या बागेबद्दलही मला हेच म्हणायचे आहे. कोळ्यांची जाळी आपण कचरा समजून झाडून टाकतो. शिंपी पक्षी मात्र पानांच्या कडा शिवताना आणि सूर्यपक्षी आपले लोंबते घरटे बांधताना तेच रेशीम वापरतात. पालापाचोळ्याखाली कीटक, गांडुळे आणि गोगलगायी असतात, आणि जमिनीवर चरणारे पक्षी एकेक पान उलटून ते शोधतात. कुंपणाच्या एका कोपऱ्यात तरी पाला साठू द्यावा, आणि विणीच्या हंगामात दाट झुडपांची छाटणी करूच नये.

पाणी मात्र सर्वांनाच हवे असते, आणि दाण्यांकडे कधीही न फिरकणारे पक्षीही पाण्यावर येतात. भांडे पसरट, खरखरीत तळाचे आणि दोन ते पाच सेंटिमीटर खोल असावे; खोल भांडे असेल तर आत दगड ठेवून उतार करावा. जवळ झुडूप हवे, पण मांजर दबा धरू शकेल इतके जवळ नको, कारण भिजलेल्या पक्ष्याला चटकन उडता येत नाही. भांडे रोज घासून पाणी बदलावे, म्हणजे डासांच्या अळ्यांची वाढही पूर्ण होत नाही.

ज्यांना दाणे घालायचेच आहेत त्यांनी स्वच्छतेची जबाबदारीही घ्यावी. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच या पक्ष्यात ट्रायकोमोनासची साथ पसरली. हा परजीवी घशात वाढतो, पक्ष्याला गिळता येत नाही, आणि त्याच्या चोचीतून पडलेल्या ओल्या दाण्यांतून व पाण्यातून रोग दुसऱ्या पक्ष्यांपर्यंत पोहोचतो. एके काळी बागांमध्ये सर्रास दिसणारा हा पक्षी २०२१ मध्ये तेथील लाल यादीत, म्हणजे सर्वाधिक चिंताजनक स्थितीतील पक्ष्यांच्या यादीत गेला. प्रेमाने ठेवलेले भांडे रोगाचे केंद्र बनू शकते, म्हणून दाणे एका दिवसात संपतील एवढेच घालावेत, भिजलेले फेकून द्यावेत, आणि पिसे फुलवून सुस्त बसलेला पक्षी दिसला तर काही आठवडे दाणे पूर्ण बंद ठेवावेत.

खिडकीच्या काचेचा धोका मात्र पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. काचेत आकाश आणि झाडे दिसतात आणि पक्षी त्या दिशेने झेपावतो. २०१४ मधील एका अभ्यासानुसार एकट्या अमेरिकेत इमारतींवर आदळून वर्षाला ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी मरतात. काचेवर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके काढले तरी हा धोका बराच कमी होतो; एखादेच मोठे चित्र चिकटवून विशेष उपयोग होत नाही.

घरटे सापडल्यावर छायाचित्रासाठी फांद्या बाजूला करू नयेत. त्या उघड्या वाटेनेच कावळा येतो. आखूड शेपटीचे, पिसे आलेले पिल्लू जमिनीवर दिसले तर ते बहुधा उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्याला दूर ठेवावे आणि आपणही लांब जावे. बिनपिसांचे पिल्लू मात्र शक्य असल्यास घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लू टाकून देतात, हा समज खरा नाही.

एवढे सगळे करणाऱ्याने एक नोंदवहीही ठेवावी, असे मला मनापासून वाटते. ब्रिटनमध्ये १९७९ पासून सामान्य लोक दर जानेवारीत आपापल्या बागेतील पक्षी मोजत आले आहेत, आणि घरचिमणी निम्म्याहून अधिक घटली हे त्या मोजणीतूनही दिसून आले. म्हणून तारीख, वेळ आणि संख्या लिहिताना चिमणी, कावळा, साळुंकी यांना नेहमीचे म्हणून वगळू नये. आणि ठरलेल्या वेळी एकही पक्षी आला नाही, तर तेही लिहून ठेवावे.