कापसाचा ग्रेडर आणि आईच्या मेंदूची फिल्म

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा उपचारानंतर किती बंद झाला, हे फिल्म बघून ठरवणं कापसाच्या ग्रेडिंगसारखं डोळ्यावर चालतं. मेंदूच्या डॉक्टरांना मी कापसाच्या ग्रेडरच्या रांगेत बसवलं, फिल्मवर दिसतं ते दिसतंच, आणि असं लिहिलं तर गावातला पेशंट तपासणीलाच जायचा नाही, असं तुमचं म्हणणं. शेवटच्या मुद्द्यानं मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुलना मात्र मागे घेत नाही. ओलावा मोजायला मीटर असतं, त्यावर भांडण होत नाही. कवडी किती आणि रंग कसा, हे मात्र ग्रेडर मूठभर कापूस हातात घेऊन ठरवतो. तिथं दोन प्रामाणिक माणसंही वेगळं सांगतात. फुगा उपचारानंतर किती बंद झाला हे सांगणारी रेमंड-रॉय वर्गवारी या दुसऱ्या जातीची आहे. रक्तवाहिनीवरचा फुगा कॉइलनं, म्हणजे आत भरलेल्या बारीक तारेनं, पूर्ण बंद झाला तर पहिला वर्ग, फुग्याच्या मानेशी, म्हणजे तो रक्तवाहिनीला जोडलेला असतो तिथं, रक्त शिल्लक राहिलं तर दुसरा, फुग्यातच रक्त शिरत असलं तर तिसरा. कागदावर सोपं आहे. पण प्लॅटिनमच्या तारेचं गुंडाळं फिल्मवर काळं गाठोडं होऊन बसतं, मान मूळ रक्तवाहिनीच्या आड जाते, एका कोनातून दिसते ती दुसऱ्यातून दिसत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातला बांध शेवटी डोळ्यानंच घालायचा असतो.

तुम्ही विचारलंत, 100 पैकी 80 फिल्मवर दोन डॉक्टरांचं एकमत झालं तर वाईट काय? समजा, दोघंही 100 पैकी 80 फुगे ‘बंद’ म्हणतात. मग फिल्म न बघता नुसतं अंदाजानं सांगितलं तरी सरासरी 68 ठिकाणी जुळेल (64 वेळा दोघंही ‘बंद’, 4 वेळा दोघंही ‘बंद नाही’). म्हणजे डोळ्याची खरी कमाई उरलेल्या 32 मधली 12. योगायोगानं जुळलेलं वजा करून खरं एकमत किती ते सांगणारं, संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांचं 1960 मधलं कॅपा माप ते हेच. इथं ते 0.38 च्या आसपास येतं. यात कुणाच्या हुशारीवर शंका नाही.

आणि म्हणून ग्रेड फुकट, असं मी कधीच म्हणणार नाही. अमेरिकेतल्या कॅरट अभ्यासात (2008) फुटलेल्या फुग्यावर उपचार झालेल्यांपैकी, फुगा पूर्ण बंद होता त्यांच्यात पुन्हा फुटण्याचं प्रमाण 1.1 टक्के होतं, 70 टक्क्यांहून कमी बंद होता त्यांच्यात 17.6. एवढा फरक असताना तपासणी टाळा असं कोण सांगेल?

आमच्या घरी काय झालं ते मागच्या लेखात लिहायचं राहिलं. नागपूरला आईच्या फुग्याच्या पहिल्या रिपोर्टात ‘मान थोडी शिल्लक’ आलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ‘पूर्ण बंद’ लिहिलं. आई म्हणाली, ‘माह्यं डोक्सं बरं झालं, आता कायले नागपूर?’ आम्हीही सोयाबीन काढणीत गुंतलो आणि पुढची तारीख चुकवली. नंतर एका डॉक्टरांनी दोन्ही सीड्या शेजारी लावून बघितल्या आणि सांगितलं, काहीच बदललेलं नाही, जी मान होती तीच आहे. बरी झालेली आई नव्हती, बदलला होता तो फक्त बघणारा. या गैरसमजापायी आम्ही एक तपासणी गमावली, आणि तुमची भीती नेमकी तीच आहे ना?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या साळ्याच्या रिपोर्टात ‘पूर्ण बंद’ आलंय आणि दिवाळीनंतर पुढची तपासणी आहे. त्यांना आधीच्या सगळ्या सीड्या सोबत न्यायला सांगा, नुसता कागद नको. डॉक्टरांना विनंती करा की जुनी आणि नवी फिल्म एकाच वेळी, एकाच कोनातून बघा. बसस्टँडवर सीडीला ओरखडे पडतात, म्हणून ती कपड्यात गुंडाळून न्या.