आधाराची दांडी, तीही गुल

घरात किंवा सोसायटीत कुणी म्हणालं की "अहो, बाथरूममध्ये धरायला काहीतरी बसवून घ्या ना", तर एकदम हादरून जायचं कारण नाही. नाही म्हणायचं नाही. लगेच हो म्हणायचं, आणि तो बार, म्हणजे धरायची दांडी, असा लावायचा की लावला हेही खरं आणि कुणाला धरता येत नाही हेही खरं. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने नेला, त्यामुळे आजवर लोकांच्या बाथरूममध्ये मी काय काय धरून उभा राहिलोय विचारू नका, नळ, गीझरचा पाइप, दाराची कडी, एकदा तर शॉवरचा पडदा (तो रॉडसकट अंगावर आला). म्हणजे सल्ला द्यायचा अधिकार आहे आपल्याला.

तर पहिलं म्हणजे, ज्याला तो बार धरायचाय त्याला काही विचारायचं नाही. आर्किटेक्टला विचारा, टाइल्सवाल्याला विचारा, अमेरिकेतल्या भाच्याला व्हिडिओ कॉल करून विचारा, पण त्या माणसाला नाही, कारण तो नसत्या शंका काढतो. आमच्या काकांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दोनदा सांगितलेलं की चालणाऱ्या हाताच्या बाजूला बार लावा. आता डावीकडे होती खिडकी आणि उजवीकडे मोकळी भिंत, मग बार कुठे लागला ते सांगायला नको. एकदम सरळ लेव्हलमध्ये, टाइलच्या डिझाइनला मॅचिंग. काका रोज कमोडवर बसून त्याच्याकडे बघायचे. पुढे काकूंनी त्यावर टॉवेल टाकायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तो बार कामी आला.

उंचीचंही तसंच. काही आगाऊ लोक माणसाला प्रत्यक्ष कमोडवर बसवतात, उठताना त्याचा हात आपोआप कुठे जातो ते बघतात आणि तिथे पेन्सिलने खूण करतात. ही भानगड करू नका. प्लंबरच्या खांद्याला येईल ती उंची योग्य, शेवटी ड्रिल धरून उभं त्याला राहायचंय. आणि बार घ्यायचा तो चकचकीत, आरशासारखा. साबणाचा हात त्यावरून कसा मस्त सुळकन जातो! खरखरीत पकडीचा बार गरिबासारखा दिसतो. दुकानदार त्याला लोहचुंबक लावून दाखवेल, "बघा चिकटत नाही, म्हणजे 304 स्टील, गंजायचं नाही", तुम्ही मान डोलवा. स्वस्तातलं 202 सुद्धा चुंबकाला चिकटत नाही, पण हे त्याला सांगून त्याचा दिवस कशाला खराब करायचा, गंज धरेल तेव्हा कळेलच.

आता भिंत. इथे खरी कारागिरी आहे. हल्लीच्या नव्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती बहुतेक सायपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या, त्यात साधा प्लॅस्टिकचा प्लग आणि इंचभर स्क्रू म्हणजे केकमध्ये मेणबत्ती. वरून टाइल ठोकून बघितली तर ढब ढब वाजते, म्हणजे मागे पोकळ. आतमध्ये घट्ट बसणारे त्या भिंतीचे वेगळे अँकर मिळतात, किंवा बांधकाम चालू असतानाच त्या जागी विटा नाहीतर काँक्रीटचा पट्टा घेता येतो, पण एवढा विचार करत बसलं तर गृहप्रवेशाचा मुहूर्त हुकेल. प्लग हलत असेल तर व्हाइट सिमेंट लिंपा. व्हाइट सिमेंटने न झाकलं जाणारं पाप अजून जन्माला यायचंय. नुसता हलकेच हात ठेवून "बघा, मजबूत आहे" असं म्हणायचं, पूर्ण वजन टाकून लोंबकळून वगैरे बघायचं नाही, ते काम ज्याचं त्याने पडताना करावं.

एवढंही करायचं नसेल तर ऑनलाइन तो व्हॅक्यूमवाला मिळतो, रबराच्या दोन वाट्या टाइलवर दाबायच्या, खटका लावायचा, झालं. ड्रिल नको, प्लंबर नको. टाइलच्या जोडाच्या रेघेवर आला की तो आतून हळूहळू हवा घेतो आणि कधी सुटायचं ते स्वतः ठरवतो. माझा एकदा रात्री 3 वाजता आपोआप पडला, घरात चोर शिरला म्हणून सगळे उठले. मी त्याक्षणी त्याला धरून उभा नव्हतो एवढंच माझं नशीब.

घरातून विरोध होईल त्याची काळजी नको, तो तर आपल्या बाजूनेच असतो. "हॉस्पिटलसारखं दिसतं." "फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाईक काय म्हणेल." "भोकं पाडली तर वॉटरप्रूफिंग जाईल आणि खालच्यांच्या बेडरूममध्ये गळेल." शिवाय खुद्द आई-बाबाच म्हणतात, मला काय धाड भरलीय, मी अजून जिने चढते! लगेच विषय सोडून द्या. एकदा का आई ओल्या फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं की मग लाखांत बिल येतं, तेव्हा त्यामानाने बार फारच स्वस्त वाटतो आणि घरात सगळ्यांचं एकमत होतं. आणि हो, बाथरूमचा तो तीन-चार इंचाचा उंबरा मुळीच काढू नका, पाणी बाहेर जाईल ना! व्हीलचेअरवाला बाहेरच राहिला तर राहिला, आत बार आहे की त्याच्यासाठी.

सरकारी किंवा सार्वजनिक जागेचं काम असेल तर आणखी सोपं. 3 डिसेंबर 2015 ला सुगम्य भारत अभियान आलं, त्याच महिन्यात आम्ही अपंगाचे दिव्यांग झालो, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार 7 चे 21 झाले, आणि सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून 5 वर्षांत सगळ्यांना वापरता येतील अशा करा असंही त्यात लिहिलं. नियम आले जून 2017 मध्ये. हिशोब तुम्हीच करा, मी गणितात कच्चा. मग नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नुसत्या शिफारशींवर भागणार नाही, बंधनकारक मानकं आणा, 3 महिन्यांत आणा. बापरे. पण तुम्ही डगमगू नका. दारावर निळी पाटी लावा, पाटी महत्त्वाची. आत झाडू, फिनेलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्या ठेवा. फरशी पुसायचं फडकं वाळत घालायला कमोडशेजारच्या आडव्या बारइतकी उत्तम जागा अख्ख्या बिल्डिंगमध्ये मिळणार नाही. दार आतल्या बाजूला उघडणारं घ्या, म्हणजे व्हीलचेअर आत गेली की दार लागत नाही आणि दार लावायचं तर व्हीलचेअर बाहेर. कुलूप लावा, किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला.

आणि उद्घाटन करायला विसरू नका. गेल्या वर्षी एका कार्यालयाने मला मुद्दाम बोलावलं होतं, दिव्यांग दिन, हार, नारळ, फीत, सगळं त्या संडासाच्या दारात. साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, मग फोटोग्राफर म्हणाला, काका तुम्ही आत या, तो बार धरा, साहेब तुमच्या खांद्यावर हात ठेवतील. मी कुबडी भिंतीला टेकवली आणि बारला हात घातला तर मागून प्लंबर पळत आला आणि कानाशी हळूच म्हणाला, "काका, नुसता हात लावा हां, जोर देऊ नका, सिमेंट ओलं आहे अजून."

फोटो छान आलाय. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकलाय, आणि नीट बघितलं तर दिसतं की मी बारला नाही, साहेबांना धरून उभा आहे.