बर्चचं सरपण आणि पडीक वायंगण

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, बेळगावची भाजी घाटापलीकडे अडकली आणि आपल्या ताटातलं किती काय बाहेरून येतं ते गोव्याला दिसलं. त्याच वर्षी ‘स्वयंपूर्ण गोवा’ ही सरकारी मोहीम सुरू झाली. पंचायतीपंचायतीत ‘स्वयंपूर्ण मित्र’ म्हणून सरकारी अधिकारी जाऊ लागले. आता गावाकडचं वर्तमानपत्र उघडलं की जमीन रूपांतराची भांडणं दिसतात: जमिनीचा झोन बदलण्यासंबंधीचं नगरनियोजन कायद्याचं कलम १७(२), मग ३९अ, भातशेतीचे बदललेले झोन, ‘भायल्यांनी’ म्हणजे बाहेरच्यांनी कापलेले डोंगर. हे दोन विषय वेगवेगळ्या पानांवर छापून येतात. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

मी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका फियोर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, गावात राहतो. नोकरी टेबलखुर्चीची, पण हिवाळ्यातली निम्मी ऊब लाकडाची. शेजारच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या रानात दाटी केलेली बर्चची झाडं हिवाळा सरता सरता, पालवी फुटायच्या आत तोडायची. ओलं, गोठलेलं लाकूड एका घावात उभं फाकतं; वाळलं की तेच हट्टीपणा करतं. मग वारा खेळेल अशा जागी रचायचं, वर छप्पर, बाजू उघड्या. ओल वीस टक्क्यांखाली आली की ते जळण, त्याआधी नुसता धूर. दोन दिवस पाठ धरते. पण संध्याकाळी ती रास बघताना जे वाटतं ते पगाराच्या दिवशी वाटत नाही, हे खरं.

उन्हाळ्यात मॅकरेल, आपल्या बांगड्यासारखा मासा, काठाशी येतो. समुद्रात गरवायला इथे परवाना लागत नाही, पैसे लागत नाहीत. घरी खाण्यापुरतं कुणीही धरावं. मी त्याची उडदमेथी करतो, तिरफळं घरून आलेली. बागेत बटाटे, केल आणि र्‍हुबार्ब, त्यावर लिहावं असं काही नाही.

अंत्रूज महालात, म्हणजे फोंड्याकडे, वाढलेल्याला यात नवल ते काय? सावईवेऱ्याच्या कुळागरात (बागायतीत) पाटाच्या पाण्यावर माड-पोफळी, त्यावर चढलेली मिरवेल, खाली केळी नि अननस. चुलीला माडाची चुडतां, पिडे आणि नारळाची सोडणं. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, बांध आणि पाण्याचं दार म्हणजे मानस सांभाळली की शेतात खारं पाणी सोसणारं कोरगूट भात आणि मानशीवर शेवटे मासे, सुंगटं (कोळंबी). त्यापुढे माझी बाग म्हणजे पोरखेळ. फरक मानाचा आहे. इथे बँकेतला साहेब शनिवारी कुऱ्हाड घेऊन निघतो. आमच्याकडे सोडणं गोळा करणारी बाई ‘बिचारी’ ठरते, आणि तेच काम दिल्लीहून आलेल्या कुणी केलं की त्याची रील आम्ही एकमेकांना पाठवतो. (चुलीच्या धुराचं कौतुक मात्र मी करणार नाही. तो आमच्या आज्यांनी डोळ्यांत घेतला. इथल्या बंद शेगडीला धुराडं असतं.)

गोव्याने बघावा असा इथला एक कायदा आहे. ठराविक आकाराहून मोठं शेत घेतलं तर साधारण वर्षभरात तिथे राहायला जायचं आणि पाच वर्षं राहायचं. वाडवडिलांच्या हक्काने मिळालं तरी सुटका नाही. जमीन कसती ठेवण्याचं बंधन वेगळं, ते कायमचं. घेणारा कुठला हे कुणी विचारत नाही. राहणार का, कसणार का, एवढंच विचारतात. गोव्याने २०२३ साली बिगरशेतकऱ्याला भातशेती विकण्यावर निर्बंध घातले, बरंच झालं. पण तेच शेत गोंयकाराने वर्षानुवर्षं पडीक टाकलं तर? पोर्तुगीज काळापासून सगळ्या मुलांना वारसाहक्क, हे न्यायाचंच. तरी एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर नावं वाढत जातात, काही मुंबईत, काही लंडनात, एक इथे. सहीला सगळे लागतात, चिखलात उतरायला कुणी नाही.

फोनवर चुलतभाऊ म्हणतो, ‘तुमच्याकडे तेलाचो पैसो आसा, माकडां नात.’ दोन्ही खरं. माकडं नि रानडुकरं हंगाम साफ करतात, नारळ पाडायला पाडेली मिळत नाही, मजुरी परवडत नाही. नॉर्वेही काही स्वर्ग नव्हे: ऑस्लोच्या फियोर्डात कॉड इतका घटला की २०१९ पासून हौशी लोकांना तो धरायला बंदी आहे. फुकट मासळीलाही राखण लागते.

आमच्या वायंगणाचं, पावसाळ्यानंतरच्या भातशेताचं, अडलंय वेगळ्याच ठिकाणी. शेजारी कसायला तयार आहे. काका कागद करून देत नाहीत, ‘कूळ लागलं तर?’ म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगू लागला तर? १९६४ चा कूळकायदा आणि १९७६ ची ‘कसेल त्याची जमीन’ दुरुस्ती राबणाऱ्याच्या न्यायासाठीच होती. धास्ती मात्र अशी बसली की मालकाला गवत परवडतं, शेतकरी नको. तीन-पाच वर्षांचा, कुळाचा दावा उभा न राहणारा करार गावातले लोक धजून करतील इतका सोपा हवा, आणि पडीक शेतावर मालकाकडून कर घ्यावा. स्वयंपूर्ण मित्राने घरोघर जाऊन असे करार जुळवून द्यावेत. कर माझ्याही वाट्याला येईल. चुलतभावाने माझ्या हिश्श्याचा आकडा आत्ताच काढून ठेवलाय.