थापांचा तास

कादंबरी वर्गात शिकवायची ठरली की तिला उद्दिष्टे फुटतात. त्यातून ती एखाद्या मुलाच्या मोठे होण्याची कादंबरी असेल, तर नायक साधारण विद्यार्थ्यांच्याच वयाचा असल्यामुळे त्याच्या वागणुकीकडे व्यवस्थापनाचे आणि पालकांचे एकाच वेळी बारीक लक्ष राहते. माझ्या हाती आलेल्या नियोजन-तक्त्यात तीन रकाने होते : चारित्र्यसंवर्धन, स्वत्वाची जाणीव आणि लेखनकौशल्य. प्रत्येक प्रकरणानंतर या तिन्ही रकान्यांत काय साध्य झाले ते लिहायचे होते आणि पुरावा म्हणून मुलांचे लेखन जोडायचे होते. कादंबरी होती चार्ल्स डिकन्स यांची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. ज्यांनी ती निवडली त्यांनी ती वाचली असावी, असे मला आजही वाटत नाही.

कारण पहिला रकाना सुरुवातीलाच अडला. कथानायक पिप कादंबरीच्या आरंभीच घरात चोरी करतो. तुरुंगातून पळालेल्या कैद्यासाठी तो बहिणीने सणासाठी राखून ठेवलेला, मांसाचे सारण भरून भाजलेला ‘पाय’ नावाचा पदार्थ, थोडी ब्रँडी आणि बेडी कापायला कानस लांबवतो. ब्रँडीची तूट भरून काढताना अंधारात भलतेच भांडे हाती लागल्यामुळे बाटलीत डांबराचे औषधी पाणी पडते आणि ते त्याच दिवशी घरी आलेल्या प्रतिष्ठित पाहुण्याच्या घशात जाते. पिप हे सारे जिवाच्या भीतीने करतो, पण उपाशी माणूस खाताना पाहून त्याला बरेही वाटते. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग ही चोरी वाईट की चांगली?” मी म्हटले, “दोन्ही.” त्याने वहीत ‘दोन्ही’ असे लिहून त्याभोवती चौकट केली. तक्त्यात मात्र ‘दोन्ही’ लिहायची सोय नव्हती, म्हणून मी तिथे ‘भुकेल्यांविषयी कणव’ असे लिहिले आणि कानशीचा उल्लेख टाळला.

खरी परीक्षा स्वभावचित्रांच्या वेळी झाली. पिप प्रामाणिक, प्रेमळ, कष्टाळू आणि मनमिळाऊ असल्याचे जवळजवळ सर्व वर्गाने एकमताने लिहिले. त्याचा मेव्हणा जो गार्जरी हा लोहारही प्रामाणिक, प्रेमळ, कष्टाळू आणि मनमिळाऊ निघाला. लग्नाच्या दिवशी फसवली गेल्यापासून घरातली सगळी घड्याळे नऊला वीस मिनिटे कमी असताना थांबवून, वर्षानुवर्षे लग्नाचाच पोशाख अंगावर ठेवून, सूर्यप्रकाश आत येऊ न देता बसलेल्या मिस हॅविशॅम यांनाही एका उत्तरात ‘मनमिळाऊ’ म्हटलेले पाहिल्यावर मी लाल पेन खाली ठेवले. या विशेषणांचे उगमस्थान बाजारात मिळणारे गाईड होते हे उघडच होते. परंतु ती विशेषणे लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण मिळत आले आहेत, ही गोष्टही तितकीच उघड असल्यामुळे मुलांवर रागावण्याला काही अर्थ नव्हता.

मग मी वर्गात विशेषणांना बंदी केली आणि मेव्हणा जो गार्जरी पिपला भेटायला लंडनला येतो ते प्रकरण वाचायला घेतले. पिप आता सभ्य गृहस्थ झालेला आहे आणि ज्याने आपल्याला वाढवले त्याची त्याला लाज वाटते. जोला टोपी कुठे ठेवावी ते कळत नाही. तो ती शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर टेकवतो; ती पडते, तो धावतो, पुन्हा ठेवतो, पुन्हा पडते, आणि डिकन्स यांना त्याच्या या कसरतीत यष्टिरक्षण दिसते. जो ओशाळला आहे, असे न सांगताही टोपीमुळे ते कळते. शिवाय पाहणाऱ्या पिपचेही स्वभावचित्र त्याच टोपीत उरकून जाते. “आता घरातल्या एखाद्या माणसाबद्दल एकही विशेषण न वापरता लिहा,” असे मी सांगितले. एका मुलीने लिहिले : “फोन वाजला की बाबा टीव्हीचा आवाज बंद करतात, नाव बघतात आणि मग आवाज पुन्हा वाढवतात.” पुढच्या पालकसभेत ते गृहस्थ माझ्यासमोर बसलेले असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिले. मी दुसरीकडे बघितले.

स्वत्वाच्या रकान्यासाठी आम्हा शिक्षकांना आधीच मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या सिद्धांतावर व्याख्यान ऐकवण्यात आले होते. आयुष्याच्या आठ टप्प्यांपैकी पाचवा टप्पा किशोरवयाचा आणि ‘मी कोण’ हा त्यातला मुख्य पेच, हे ठीकच. मला मात्र त्याहून अधिक भावले ते हे की, या गृहस्थांनी १९३९ मध्ये अमेरिकेचे नागरिक होताना स्वतःचे आडनाव स्वतःच घडवले, म्हणजे सिद्धांताआधी प्रात्यक्षिक करून झालेले होते. ‘मी कोण’ या विषयावर मुलांनी हजेरी क्रमांक आणि छंद लिहून दिले. छंद सर्वांचा वाचन. पिपला तो कोण हे कळते ते वेगळ्या रीतीने : पत्ते खेळताना मिस हॅविशॅम यांनी वाढवलेली मुलगी एस्टेला त्याच्या खरखरीत हातांची आणि जाड बुटांची टर उडवते, आणि तोवर कधीही न खटकलेले स्वतःचे हात त्याला खटकू लागतात. असा आपला एखादा प्रसंग लिहा, असे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरली तिची मला सवय नव्हती. ते कागद मी गुण न देता परत केले, आणि पुराव्याविना राहिलेला रकाना ‘त्रुटीपूर्तीसाठी’ म्हणून कार्यालयाकडून माझ्याकडे परत आला.

लेखनकौशल्याने मात्र कहर केला. मिस हॅविशॅम यांच्या घरून परतल्यावर मोठ्यांच्या उलटतपासणीला वैतागून पिप बेधडक थापा मारतो : बाई खोलीत काळ्या मखमली बग्गीत बसल्या होत्या, सोन्याच्या ताटांत केक आला, चार प्रचंड कुत्रे चांदीच्या टोपलीतल्या मांसाच्या तुकड्यांवरून भांडत होते, आणि आम्ही झेंडे फडकावत खेळलो. ऐकणाऱ्यांना शंकासुद्धा येत नाही, कारण टोपली चांदीची आहे. नुसती ‘टोपली’ म्हटले असते तर तो पकडला गेला असता. पुढे तो जोपाशी सारे कबूल करतो, तेव्हा जो घासाघीस करतो : बग्गी नसेल, पण निदान कुत्रे तरी होते ना? निदान एखादे पिल्लू? तपशिलाची ताकद याहून चांगली शिकवणारा उतारा मला माहीत नाही, म्हणून मी ‘गृहपाठ न केल्याचे कारण’ या विषयावर सविस्तर थाप लिहायला सांगितली. वर्षभर चार ओळींत निबंध आटोपणाऱ्या मुलांनी पुरवण्या मागितल्या. थोड्याच दिवसांत इतर विषयांच्या शिक्षकांनाही अशी तपशीलवार कारणे ऐकायला मिळू लागली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून पहिल्या रकान्याविषयी विचारले.

उरले फेरलेखन, ज्याचा मुलांना मनापासून तिटकारा असतो. त्यांना उत्साह यावा म्हणून मी सांगितले की, डिकन्स यांनीसुद्धा या कादंबरीचा शेवट पुन्हा लिहिला होता. पहिल्या मसुद्यात पिप आणि एस्टेला थोडा वेळ भेटून कायमचे दुरावतात. परंतु लेखकमित्र बुलवर-लिटन यांच्या आग्रहावरून १८६१ मध्ये छापण्यापूर्वीच डिकन्स यांनी अधिक आशादायक शेवट केला. वर्गाचा पहिला प्रश्न, परीक्षेत कोणता शेवट विचारतील, हा होता. दुसरा एका मुलीचा होता : “सर, कोणता चांगला आहे?” डिकन्स यांचे चरित्रकार फॉर्स्टर यांना पहिलाच अधिक सुसंगत वाटला, हे मी प्रामाणिकपणे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या सूचनांप्रमाणे सुधारलेला निबंध आणि त्याखाली मूळ निबंध, असे दोन्ही टाचणी लावून दिले. समासात ‘फॉर्स्टर पाहा’ एवढेच लिहिले होते. मी दोन्ही वाचले, आणि तक्त्याला पुरावा म्हणून मूळ निबंध जोडला.