माळावर एक संशयित

गेल्या जूनमध्ये पक्षी बघायला मामांच्या गावी गेलो, पुरंदर तालुक्यात. पावसाच्या तोंडावर पक्ष्यांची लग्नं उरकून बाळंतपणं सुरू झालेली असतात. विहिरीवरच्या बाभळीला अर्धवट खोपे लोंबत होते (नाव सुगरण, पण विणकाम सगळं नराचं; मादी येते ती नापास करायला). पावशा तर पहाटेपासून ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ करत मामांच्या मागे लागला होता. मला मात्र चातक हवा होता. आमच्या गटात पहिला चातक ज्याला दिसतो, त्याला महिनाभर चहाचे पैसे द्यावे लागत नाहीत.

तर आभाळाला दुर्बीण लावून माळावरून चाललो होतो. अचानक कानाशी ‘टिटिव टिव, टिटिव टिव!’ आणि डोक्यावरून सपकन काहीतरी गेलं. खाली पाहिलं. बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी! घरटं कसलं, जमिनीत एक खळगा आणि कडेला चार खडे. मातकट अंडी, त्यावर काळे ठिपके, निमुळती टोकं आत वळवलेली. आणखी एक पाऊल पडलं असतं तर माझ्या हातून चौपट पाप घडलं असतं.

विणीच्या दिवसांत घरट्यापाशी रेंगाळू नये, हे मीच सगळ्यांना सांगत असतो. चाळीस पावलं मागे सरलो. तेवढ्यात बोरीवर कावळा दिसला. तो अंड्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी कुठं वाकलो, हे त्यानं नीट टिपलं होतं. आता निघावं, तर कावळा नाश्ता करणार. थांबावं, तर टिटवी अंड्यांवर येणार नाही आणि उन्हात अंडी उकडणार. मी थांबलो. म्हणजे जिच्या अंड्यांची राखण करत होतो, तीच मला शिव्या घालत होती. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. मला आटवायला तिला पाऊण तास पुरला.

मोटारसायकलवरून दोघं आले.

“मोजणी का?”

“नाही, टिटवी.”

“कुठलं खातं?”

“खातं नाही हो, अंडी आहेत.”

“विमानतळाचीच ना पण?”

माझी दुर्बीण, वही आणि घाम बघून, होऊ घातलेल्या विमानतळासाठी जमीन मोजायला आलेला मीच, अशी त्यांची खात्रीच पटली. एकानं माझा फोटोही काढला.

शेवटी गाई घेऊन मामा आले. गाई खुशाल पुढून गेल्या, टिटवीनं हूं की चूं केलं नाही.

“अरं, तू हल की तिथनं आधी!”

“पण मामा, कावळा...”

“तिला कावळा कळतो. तूच कळंना झालायस.”

मी बांधापलीकडे गेलो मात्र, दोन्ही टिटव्यांनी कावळ्याला असा पिटाळला की तो थेट गावाकडे गेला. मग मादी, किंवा नर असेल, दोघं सारखेच दिसतात, लगबगीनं आली आणि पोट हलवत अंड्यांवर बसली. अंडी उंचवट्यावर आहेत म्हणून मामा खूश. त्यांच्या हिशेबी यंदा पाऊस दणकून.

चातक नाही तो नाहीच.

संध्याकाळी पारावर चहा घेत होतो. मागे पाठ करून बसलेला एकजण सांगत होता, “एकटाच होता. डोक्याला हिरवी टोपी, खाली खाकी, मान बारीक. जागचा हलत नव्हता. पण आपण जवळ गेलो, की लगेच वही लपवायचा.”

मी हळूच टोपी काढून खिशात घातली.