‘सध्या वाचतो आहे’ : काही उपयुक्त सूचना

पुस्तक वाचणे हे एकट्याने, गुपचूप आणि बहुधा लोळत करायचे काम असल्यामुळे समाजात त्याची कुणी दखल घेत नाही, ही आपल्याकडची फार जुनी गैरसोय होती. व्हॉट्सॲपच्या स्टेटसने ती दूर केली. आपण कोणते पुस्तक वाचत आहोत हे आता चोवीस तासांच्या आत व्याह्यांना, साहेबांना आणि सिलिंडर पोहोचवणाऱ्यालाही कळू शकते, आणि ते कुणी कुणी पाहिले याची यादीही घरबसल्या मिळते. एवढी सोय होऊनही काही मंडळी पुस्तक आणतात, वाचतात आणि गप्प बसतात. अशांना थोडे वळण लागावे आणि नवोदितांची धडपड वाचावी, एवढ्याच हेतूने हे मार्गदर्शन केले आहे.

सर्वांत आधी मनाशी एक गोष्ट पक्की करावी, की आपल्याला पुस्तक वाचत असायचे आहे, वाचून संपवायचे नाही. पुस्तक संपवलेल्या माणसाची अवस्था बिकट असते. कसे वाटले, शेवट पटला का, आधीच्या पुस्तकाइतके जमले आहे का, असे प्रश्न लोक त्याला विचारतात. मग त्याला मत द्यावे लागते, आणि मत दिले की ते पुस्तक खरोखर वाचलेला कुणीतरी नेमका त्याच पंगतीत जेवायला बसलेला निघतो. याउलट जो अजून वाचतो आहे त्याला सगळे माफ असते. ‘चालू आहे अजून, पण भाषा जबरदस्त आहे’ एवढ्या एका वाक्यावर दोन लग्ने आणि एक साठीशांत सहज निभावून नेता येते. गुडरीड्सवर तर सध्या वाचत असलेल्या पुस्तकांसाठी वेगळा कप्पाच आहे, आणि तिथे ठेवलेले पुस्तक वर्षानुवर्षे तसेच राहिले तरी कुणी दंड आकारत नाही.

पुस्तक निवडताना आपल्याला काय आवडते हा विचार मनात आणू नये. आपल्या ओळखीच्यांनी काय वाचलेले नाही, हा विचार करावा. नवशिके घसरतात ते इथेच. हातात पु. ल. देशपांडे धरून फोटो टाकला, की अर्ध्या तासात तीन मावश्या आणि एक निवृत्त मुख्याध्यापक त्यातले उतारेच्या उतारे पाठ म्हणून दाखवतात आणि आपण कुठवर आलात अशी चौकशी करतात. ‘मृत्युंजय’चेही तेच. 1967 पासून ते इतक्या घरांत आणि इतक्या तन्मयतेने वाचले गेले आहे, की कर्णाची बाजू घेऊन भांडायला कुणीही, केव्हाही तयार असतो. ‘कोसला’ वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाने वाचलेली असते, किंवा निदान तसे तो शपथेवर सांगतो, आणि त्यातली वाक्ये तो बोलण्यात अशी पेरतो, की आपण ती ओळखली नाहीत तर पंचाईत. तेव्हा नेमाडेच दाखवायचे असतील तर 2010 साली आलेली ‘हिंदू’ दाखवावी. ती सहाशे पानांची आहे, तिच्या निमित्ताने ज्ञानपीठाचा विषय काढता येतो, आणि समोरच्यानेही ती चाळिसाव्या पानावर उपडी घालून ठेवलेली असल्यामुळे तो खोलात शिरत नाही. दोन्ही बाजूंनी असा समंजसपणा फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला येतो. (यात कादंबरीचा काही दोष नाही. ज्यांनी ती शेवटपर्यंत वाचली ते सहसा स्टेटस ठेवताना दिसत नाहीत.) ज्यांना दीर्घकालीन योजना हवी असेल, त्यांनी खंडांकडे वळावे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ 22 खंडांत प्रसिद्ध केली. वर्षाला एक खंड ‘सुरू’ केला तरी पेन्शन लागेपर्यंतची ददात मिटते.

यानंतर येतो फोटो, आणि येथे घाई करून चालत नाही. नवेकोरे पुस्तक हे संशयास्पद दिसते, त्यामुळे त्याला आधी थोडे वापरलेपण द्यावे लागते. सवलतीचा स्टिकर नखाने सोलून काढावा, मागे राहिलेल्या चिकट चौकोनावर खोबरेल तेलाचे बोट फिरवून तो फडक्याने पुसून घ्यावा, आणि मग पुस्तक मधोमध उघडून, पालथे घालून त्यावर रात्रभर उशी ठेवावी, म्हणजे बांधणी पुरेशी सैल पडते आणि पाठीवर एक उभी सुरकुती उमटते. ही सुरकुती खऱ्या वाचनाने पडायला तीन आठवडे लागतात. खूण घालायची ती पुस्तकाच्या दोन तृतीयांशावर. त्याच्या अलीकडे घातली तर आपण रेंगाळलो असे वाटते आणि पलीकडे घातली तर लोक शेवटाविषयी विचारू लागतात. खूण म्हणून जुने रेल्वेचे तिकीट उत्तम, वाळलेले पिंपळपान चालेल, वीजबिलाची घडी मात्र टाळावी. शेजारी वाफाळता कप ठेवण्याची प्रथा आहेच. खरे वाचणारे लोक चहा पुस्तकापासून हातभर लांब ठेवतात, म्हणून आपण तो अगदी पुस्तकाला टेकवून ठेवावा, एरवी चौकटीत दोन्ही मावत नाहीत.

ग्रंथालयाचे पुस्तक या कामी निरुपयोगी आहे. त्याच्या आत परतीच्या तारखांची चिठ्ठी डकवलेली असते, दर सतरा पानांनंतर जांभळा शिक्का असतो, आणि रहस्यकथा असेल तर खुनी कोण हे आधीच्या परोपकारी वाचकाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलेले असते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये आणि मुंबईचे 1898 मध्ये सुरू झाले, ते पुस्तक घरी न्यावे, वाचावे आणि परत आणून द्यावे या समजुतीवर. परत द्यायच्या पुस्तकांनी दिवाणखान्याची भिंत भरायची कशी, याचा विचार त्या काळच्या धुरीणांनी केलेला दिसत नाही.

अधोरेखनाबाबत विशेष सावध राहावे. 2014 मध्ये जॉर्डन एलेनबर्ग नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने एक खोडसाळ हिशेब मांडला. किंडलवर पुस्तक वाचताना लोक ज्या वाक्यांवर खुणा करतात, त्यांतली सर्वांत लोकप्रिय पाच वाक्ये कोणत्या पानांवर आहेत हे त्याने पाहिले, आणि त्यावरून लोक पुस्तकात कुठवर पोहोचत असावेत याचा अंदाज बांधला. स्टीफन हॉकिंग यांचे काळाचा इतिहास सांगणारे प्रसिद्ध पुस्तक या हिशेबात 6.6 टक्क्यांवर थांबले, आणि त्या वर्षी जगभर ज्याच्या त्याच्या हाती दिसणारा थोमा पिकेटी यांचा भांडवलावरचा जाडजूड ग्रंथ 2.4 टक्क्यांवर. हे गमतीने मांडलेले माप आहे, शास्त्र नव्हे, असे एलेनबर्गनेच सांगून टाकले आहे. तरीही आपण त्यातून घ्यायचा तो बोध घ्यावा. एक तर यंत्रावर वाचू नये, कारण यंत्र चहाडखोर असते. दुसरे म्हणजे कागदी पुस्तकात पेन्सिल घेऊन पहिल्या दहा पानांत रेघोट्यांची गर्दी करण्यापेक्षा एक रेघ नवव्या पानावर, एक मध्यावर आणि एक अखेरून दुसऱ्या पानावर ओढावी. शेवटच्या रेघेशेजारी समासात नुसते प्रश्नचिन्ह काढून ठेवले, तर पाहणाऱ्याच्या मनात आपल्याविषयी जो आदर उत्पन्न होतो तो शब्दांत सांगता येणार नाही.

वर्षाचे वेळापत्रक पाळणेही तितकेच महत्त्वाचे. 27 फेब्रुवारीला मराठी पुस्तक दिसलेच पाहिजे, आणि ते शक्यतो कुसुमाग्रजांचे असावे. मात्र ते 26 तारखेच्या रात्री शोधायला घेऊ नये, कारण त्या रात्री ‘विशाखा’ कुणाच्याच घरी सापडत नाही. 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असल्याने परदेशी लेखक चालतो, नव्हे तोच हवा. आषाढीला तुकोबांची गाथा. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन सरकारी पातळीवरच साजरा होत असल्यामुळे त्या दिवशी कचेरीच्या वेळेत वाचतानाचा फोटो काढता येतो, ही संधी वर्षातून एकदाच येते. डिसेंबरात पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, तेथे पिशव्या दिसतील अशा बेताने उभे राहावे. लेखक दिवंगत झाल्यास मात्र वेळापत्रक बाजूला ठेवून तासाभराच्या आत ‘योगायोग म्हणजे, कालच यांचे पुस्तक वाचायला घेतले होते’ असे लिहावे. थोर लेखकांच्या निधनाच्या आदल्या रात्री महाराष्ट्रात जेवढे वाचन होते, तेवढे एरवी वर्षभरात होत नसेल.

आपण प्रत्यक्षात काय वाचता, हा प्रश्न अर्थातच खाजगी आहे आणि तो तसाच राहू द्यावा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि वाचकांनी त्यांचा फडशा पाडला, तरी झुंजारची कथा मांडीवर घेऊन अभिमानाने फोटो काढून घेतलेला गृहस्थ आमच्या पाहण्यात नाही. दिवाळी अंक हाती पडला की आधी राशिभविष्याचे पान उघडणारा माणूस स्टेटसवर त्याच अंकातल्या दीर्घकथेचा फोटो ठेवतो, आणि यात त्याची काही लबाडी आहे असे मानण्याचे कारण नाही. भविष्यही त्याला चांगलेच निघालेले असते.

एकच धोका उरतो, तो म्हणजे फोटो पाहून खालच्या मजल्यावरचे काका ‘झाले की आम्हाला द्या हो वाचायला’ असे म्हणतात. पुष्कळ लोक येथे गांगरतात आणि पुस्तक अमेरिकेला मुलीकडे गेले असे काहीतरी सांगून मोकळे होतात. तसे करू नये. पुस्तक आनंदाने द्यावे. काकांनाही ते वाचायचे नसून रविवारी ज्येष्ठ नागरिक संघाच्या गटावर टाकायचे असते, आणि सोमवारी ते तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे जाते. चार मजल्यांच्या इमारतीला एक प्रत वर्षभर सहज पुरते. फक्त देताना तेवढे बजावावे, की आतली खूण हलवू नका, म्हणजे पुढच्याला पुन्हा दोन तृतीयांश मोजत बसावे लागणार नाही.